रूथमावशींचे सहाशे ग्रॅम

मी ऑफिसच्या प्रिंटरवर पिस्तुलांचा तक्ता छापला आणि उचलायला विसरलो.

चूक एवढीच. पण ती मी इंग्लंडातल्या रीडिंग गावात केली. या देशात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, आणि भाजी चिरायचा चाकू जरी उगाच खिशात सापडला तरी पोलीस चौकशी करतात. माझ्या तक्त्यात चौदा पिस्तुलं होती आणि अकरा रकाने: वजन, लांबी, जाडी, गोळ्या किती बसतात, वगैरे. प्रत्येक पिस्तुलाला मी शंभरपैकी गुण दिले होते. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अंगावर लपवून बाळगण्यासाठी: अंतिम निवड'. आणि खाली कोपऱ्यात, मी शिस्तीचा माणूस असल्यामुळे, माझं पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका खोलीत बोलावलं. समोर तीन माणसं. एचआरच्या बाईंनी तो कागद मेलेलं झुरळ धरावं तसा दोन बोटांत धरला होता.

"हे तुमचं आहे का?"

"हो," मी म्हणालो, "पण चौथ्या ओळीतली बेरीज चुकली आहे."

खरंच असं म्हणालो. घाबरलं की लोक देवाचं नाव घेतात, मी फॉर्म्युला दुरुस्त करतो.

मग मी सगळं सांगितलं. कंपनी मला दोन वर्षांसाठी ह्यूस्टनला पाठवत होती. टेक्ससमध्ये ज्याच्या त्याच्या कमरेला पिस्तूल असतं असं मला तिथून परत आलेल्या दोघांनी सांगितलं होतं. बायको आणि सात वर्षांची मुलगी बरोबर. घरचा कर्ता म्हणून मला काही तयारी करणं भाग होतं. आणि तयारी म्हणजे मला एक्सेल, दुसरं काही येत नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी कुणाला गोळी घालण्याच्या लायकीचा नाही हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी मला चहा दिला आणि सोडलं.

घरी मात्र सुटका नव्हती. अश्विनीपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती.

"पिस्तूल घरात येणार असेल तर मी आणि रेवा येत नाही," ती म्हणाली. "तू जा. तू आणि ते पिस्तूल, सुखाने संसार करा."

मी आठवडाभर समजावलं. शेवटी ती म्हणाली, "मला नको समजावूस. रूथमावशींना विचार. त्या जर म्हणाल्या की हा माणूस पिस्तूल सांभाळू शकतो, तर मी एक शब्द बोलणार नाही. बॅगा भरते."

म्हणजे आमचं कुटुंब एकत्र जाणार की दोन देशांत वाटलं जाणार, हे आता दोन घरं सोडून राहणाऱ्या एका सत्तरीच्या बाईच्या हातात गेलं.

रूथ झिराडकर. मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. पूर्वज अलिबागकडचे तेलाचे घाणे चालवणारे, त्यामुळे मराठीला किनाऱ्याचा ठसका. आमच्या रस्त्यावर त्या एकट्या राहायच्या. उंची रेवापेक्षा वीतभर जास्त, केस बारीक कापलेले, अंगात बाराही महिने एकच निळा कार्डिगन. नर्स म्हणून बाविसाव्या वर्षी इंग्लंडात आल्या आणि साउथहॅम्प्टनला ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. मधल्या काळात दर रविवारी त्या पिस्तूल चालवायच्या. क्लबात, कागदाच्या निशाण्यावर, आणि नेम चांगला होता. माळ्यावरच्या खोक्यात कप होते. बाहेर एकही मांडलेला नव्हता.

त्यांच्या काही सवयी आम्ही आधीपासून पाहत होतो, पण कारण कळलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट असो, कात्री असो, भिंतीला रंग द्यायचा ब्रश असो, काहीही हातात धरलं की पहिलं बोट सरळ, वस्तूच्या कडेला लावून. आत कधी वळायचं नाही. बागेतला पाण्याचा पाइप बंद असला तरी तोंड जमिनीकडे. सोड्याची बाटली उघडण्याआधी त्या विचारायच्या, "पुढे कोण आहे?" आणि पुढे कुणी नाही याची खात्री झाल्याशिवाय झाकण फिरवायच्या नाहीत. एकदा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांचा केस वाळवायचा ड्रायर दुरुस्त करून त्यांच्याकडे रोखला आणि म्हणालो, "बघा, चालू झाला." त्यांनी शांतपणे माझं मनगट धरून खाली वळवलं. "चालू झाला हे मला भिंतीकडे करूनही दिसलं असतं, बाबा."

दुसरी सवय मोजण्याची. थिएटरमध्ये ऑपरेशन संपलं की पोट शिवण्याआधी सगळे बोळे, सुया, चिमटे मोजतात. एकदा एक बोळा कमी भरला. सर्जन म्हणाला, सिस्टर, तुमचं मोजताना चुकलं असेल, मी शिवतो. रूथमावशी म्हणाल्या, शिवायचं नाही. तो ओरडला. त्या दोन्ही हात मागे बांधून तशाच उभ्या राहिल्या. पुन्हा पोट तपासलं, टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याची पिशवी उलटी केली. अर्ध्या तासाने बोळा सापडला. सर्जनच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला.

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं होतं.

"काही नाही. पाय उचलून दाखवला. त्या दिवशी मी त्याच्याशी एवढंच बोलले की दुसराही दाखवा."

आणि तिसरी गोष्ट, जी त्यांनी आम्हाला फक्त एकदा सांगितली. नव्वदच्या दशकात एका शाळेत लहान मुलं मारली गेली, त्यानंतर कायदा बदलला आणि सगळ्यांना पिस्तुलं जमा करावी लागली. क्लबातली बरीच माणसं भांडली, सह्या गोळा केल्या. मावशींनी आदल्या दिवशी पिस्तूल पूर्ण खोललं, पुसलं, तेल दिलं, आणि पोलीस चौकीवर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तिथला हवालदार म्हणाला, बाई, कशाला एवढी मेहनत, हे वितळवणार आहेत.

"मी म्हटलं, मेलेल्या माणसालाही आंघोळ घालतातच की."

"वाईट नाही वाटलं?" अश्विनीने विचारलं.

"वाटलं ना. पण वाईट वाटणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या मोजते. माझा रविवार गेला. त्या घरांचं काय गेलं?"

तर अशा बाईंसमोर मी माझा तक्ता ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि पेशंटचा कागद वाचावा तसा एकेक ओळ बोटाने वाचला.

"यात एक रकाना राहिला," त्या म्हणाल्या. "तुला हे विकत देणार का?"

मी म्हणालो, मी त्याचाही अभ्यास केला आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथे पिस्तूल विकत नाहीत, पण त्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते. मी शिकारीचा परवाना काढणार होतो.

"तू? अंड्यातलं पिवळं बाजूला काढणारा तू शिकार करणार?"

"करायची नाही मावशी, फक्त परवाना काढायचा."

"मग तिथल्या हरणांना तसं कळवून टाक. उगाच घाबरून बसतील."

नंतर त्यांचं बोट पहिल्या नंबरावर गेलं. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळालेलं, यादीतलं सगळ्यात लहान पिस्तूल.

"हे का?"

"लपतं. आणि मला सवय नाही, तेव्हा लहानच बरं."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझी मूठ धरली आणि करंगळी उलगडून बाजूला केली. "आता दाब. जोर लागतो का? लहान पिस्तुलाची मूठ तोकडी, करंगळीला जागा नसते. वजन हलकं, म्हणजे उडताना हातात जास्त उसळतं. नळी आखूड, म्हणजे हात जरासा हलला तरी नेम गेला. हे सगळ्यात अवघड पिस्तूल आहे, मिलिंद. मुरलेल्या माणसाचं. लहान कुत्रं कमी चावतं असं वाटतं का तुला?"

मी म्हणालो, मग मी मधलं घेतो, तिसऱ्या नंबरचं.

"घेणं राहू दे. उडवायची वेळ कदाचित जन्मात येणार नाही. बाळगणं मात्र रोज आहे. ते जमतं का आधी बघू."

त्या आत गेल्या आणि त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं, सॅमसनकाकांचं, चष्म्याचं घर घेऊन आल्या. जुन्या पद्धतीचं, टणक, काळं. त्यात त्यांनी काकांच्या मासे धरायच्या गळाची शिशाची वजनं भरली, फटीत कापूस कोंबला आणि सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. एक वजन काढलं, दुसरं घातलं. काटा सहाशे ग्रॅमवर आला तेव्हा त्यांनी झाकणाला चिकटपट्टी लावली. नकली पिस्तूल आणता आलं नसतं. इथे तेही घेऊन रस्त्यावर फिरणं गुन्हा आहे.

"लहानसं भरलेलं पिस्तूल साधारण एवढं होतं. तीस दिवस. उठल्यापासून झोपेपर्यंत एक तर कमरेला, शर्टाच्या आत, नाही तर कुलुपात. तिसरी जागा नाही. कुणाला दिसता कामा नये. रोज संध्याकाळी सात वाजता इथे येऊन काय झालं ते सांगायचं. मी वहीत लिहीन. तीस दिवस नीट गेले तर मी अश्विनीला सांगते, हा लायक आहे."

शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्या पेनाला हात लावत नसत. मला वाटलं आठवड्यातून एक दिवस तरी सुटलो. "देव सुट्टीवर, मी सुट्टीवर," त्या म्हणाल्या. "तू नाहीस. रविवारी दोन दिवसांचं सांग."

पहिल्या आठवड्यात मला कळलं की माझं शरीर पिस्तूल बाळगायला बनवलेलंच नाही. उभा असलो की ते घर पट्ट्यात नीट बसे. बसलो की माझं पोट त्याच्यावर बसे. एकदा लंडनला जाताना ट्रेनमध्ये मी बरगड्यांत दुखतंय म्हणून इतका वाकडा बसलो की शेजारच्या माणसाने मला डॉक्टर हवाय का विचारलं. वहीत नोंद: 'वाकडा बसतो. लोकांचं लक्ष जातं.'

दहाव्या दिवशी गणपती होते. एका मराठी कुटुंबाकडे आरतीला गेलो. आरती झाली, सगळे एकेक करून वाकून नमस्कार करत होते. माझी पाळी आली. तक्त्याच्या अकरा रकान्यांत 'वाकून नमस्कार' हा रकाना नव्हता. मी वाकलो, शर्ट वर गेला, आणि सहाशे ग्रॅम शिसं गणपतीसमोरच्या ताम्हणात पडलं. आवाज असा झाला की टाळ वाजवणारा पोरगा थांबला. यजमानांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, चष्मा एवढा जड? नंबर किती आहे रे तुझा?"

मी चष्मा लावत नाही.

संध्याकाळी हे ऐकून रूथमावशी इतक्या हसल्या की त्यांना वही खाली ठेवावी लागली. "आमच्याकडे उभ्याने प्रार्थना करतात, आमच्यात निभलं असतं. तुमच्या देवाने तुझी झडती घेतली." पण दिवस त्यांनी बाद धरला नाही. मी लपवलं नाही म्हणून, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. मी ते नीट ऐकलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी रेवाची सायकल गाडीत चढवायची होती. वाकताना चष्म्याचं घर बरगडीत रुतलं म्हणून मी ते क्षणभर काढलं आणि शेजारी जे होतं त्यावर ठेवलं. ऑफिसात पोचल्यावर कमरेला हात गेला. रिकामी. गाडी शोधली, पार्किंग शोधलं. दिवसभर मला एकही ओळ नीट लिहिता आली नाही. घरी येऊन गॅरेज धुंडाळलं. नाही. सात वाजले. अकरा दिवस उरले होते, व्हिसाचे फॉर्म भरून तयार होते. शिशाचा एक गोळा, उद्या दुसरा करता येईल, असा मी विचार केला.

"आज?" मावशींनी वही उघडली.

"ठीक."

"कुठे होतं दिवसभर?"

"कमरेला."

त्यांनी पेन ठेवलं. टेबलावरच्या चहाच्या किटलीवर लोकरीची टोपी होती, ती उचलली. खाली किटली नव्हती. चष्म्याचं घर होतं.

"साडेतीनला रेवा आली होती," त्या म्हणाल्या. "मला म्हणाली, रूथआजी, बाबाचा दगड माझ्या बॅगमध्ये आली. खूप हेवी आहे. आणि मिसने विचारलं तर मी सांगितलं की तो चष्मा आहे, मग सगळ्यांनी उघडायला ट्राय केलं."

मी ते घर हातात घेतलं.

"सगळ्यांनी," मावशी म्हणाल्या. "अख्ख्या वर्गाने."

चिकटपट्टीचं एक टोक सुटलेलं होतं. तिच्यावर लहान बोटांचे मळके ठसे होते. मी त्या ठशांकडेच बघत होतो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

"विसरलास ते मी लिहिलं असतं. विसरतात माणसं. मी थिएटरमध्ये तीस वर्षं विसरणाऱ्या माणसांच्यातच काम केलं, म्हणून तर मोजायचं. पण तुला सकाळीच ठाऊक होतं एक कमी आहे. आणि तू पोट शिवायला निघालास."

मी म्हणालो, मावशी, चुकलं.

"मला नको सांगूस. अश्विनीला सांग. आज, जेवायच्या आधी. मी सांगणार नाही."

मी सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने टेबलावरच्या व्हिसाच्या फाइलमधून रेवाचा आणि तिचा पासपोर्ट काढला आणि कपाटातल्या खणात ठेवून दिला. माझा फाइलमध्येच राहू दिला. मग म्हणाली, "पोळी गरम आहे तोवर घे."

दुसऱ्या दिवशी सातला मी रूथमावशींच्या दारात उभा होतो. म्हणालो, मला परत तीस दिवस द्या. पहिल्यापासून.

"का? पिस्तूल हवंय म्हणून?"

"नाही. तुम्ही मला खोटारडा म्हणून वहीत ठेवलंय म्हणून."

त्यांनी मला जरा वेळ निरखलं. मग नवी चिकटपट्टी काढली.

त्या तीस दिवसांत मी जितका निश्चयी होतो तितका दहावीलाही नव्हतो. रोज सकाळी चष्म्याचं घर कमरेला लावायचो आणि मोठ्याने बोलायचो, 'लावलं.' कुलुपात ठेवताना, 'ठेवलं.' कपडे एक नंबर मोठे घेतले. गुडघे वाकवून खाली बसायला शिकलो. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा सातची वाट न बघता फोन केला. एकदा ऑफिसच्या टॉयलेटमधून, दार आतून लावून: "मावशी, आत्ता टाकीवर ठेवलं होतं, चार सेकंद, हात धुवायच्या आधी लक्षात आलं." पलीकडून फक्त पेनाचा आवाज आला.

तिसाव्या दिवशी त्यांनी वही मिटली, अश्विनीला बोलावलं आणि म्हणाल्या, "लायक आहे. माझी सही."

अश्विनी शब्दाची पक्की. खणातून दोन्ही पासपोर्ट आणून तिने टेबलावर ठेवले. "ठीक आहे. घे तुझं पिस्तूल. आम्ही येतो."

आणि तेव्हा मी, पन्नास दिवस सगळ्यांचा जीव खाल्ल्यावर, म्हणालो, "मला नको वाटतंय."

कारण सांगायला मला लाज वाटत होती. रेवा रोज रात्रीच्या जेवणाआधी सोफ्यावर माझ्या उजव्या बाजूला बसते आणि डोकं माझ्या पोटावर टेकवते. टेकवायची. या सात आठवड्यांत ती डावीकडे, वीतभर अंतर ठेवून बसायला शिकली होती. कुणी सांगितलं नव्हतं. टोचतं म्हणून. तिसाव्या दिवशी सकाळी माझ्या ते लक्षात आलं, आणि तक्त्यात ते कुठे लिहावं मला सुचेना.

मला वाटलं मावशी खूश होतील. त्या भडकल्या.

"सात आठवड्यांच्या संध्याकाळी घेतल्यास माझ्या! मालिका सोडल्या मी तुझ्यासाठी! नको होतं तर चौथ्या दिवशी म्हणायचंस!"

"चौथ्या दिवशी हवं होतं, मावशी."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि तितक्याच रागात चहा टाकायला उठल्या.

आम्ही तिघं ह्यूस्टनला गेलो. दोन वर्षांनी परत आलो तोवर त्यांचं घर विकलं गेलं होतं. गुडघे गेले, तेव्हा त्यांची भाची त्यांना ग्लासगोला आपल्या घरी घेऊन गेली. मी एकटाच भेटायला गेलो. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या, पायांवर शाल, आणखी लहान झालेल्या. आवाज मात्र तोच.

"तिकडे कधी भीती वाटली का रे?"

मी खरं सांगितलं. एकदा. भर दुपारी मी घरून काम करत होतो, आणि मागच्या अंगणातून एक धिप्पाड माणूस सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे आला. हातात काही तरी लांब काळं. मी ओरडलो, त्याने ऐकलं नाही. मी ओट्यावरचं कुकरचं झाकण उचललं आणि त्याला फेकून मारलं.

"मग?"

"घरमालकाने पाठवलेला माळी होता. कानात गाणी लावलेली. रेवाची छत्री अंगणात पडली होती, ती द्यायला आला होता."

भाचीने तोंडावर हात ठेवला. मावशींनी शाल दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मला वाटलं, त्याही तेच बघत असतील जे मी त्या दिवशी बघितलं, झाकणाच्या जागी दुसरं काही.

"लागलं त्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. झाकण दाराच्या चौकटीवर आपटून माझ्याच पायावर पडलं."

"तो किती लांब होता?"

"सहा-सात फूट."

त्यांनी डोळे मिटून एक श्वास सोडला. मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "याला घरी जायच्या आधी पोटभर जेवायला घाल. सहा फुटांवरून एवढा थोरला माणूस चुकला. याच्या हातात तोफ असती तरी तो माळी छत्री देऊन, पाणी पिऊन, चालत घरी गेला असता."